पेटीवर साल नाही

बाटलीच्या चिठ्ठीवर २०२० हा आकडा होता. माझा धाकटा भाऊ दिंडोरीकडच्या एका वायनरीत काम करतो; येताना त्याने ती काकांसाठी आणली होती. काका घेत नाहीत हे त्याला ठाऊक होतं. त्याला ती पाजायची नव्हती, दाखवायची होती. मे २०२२ चा दुसरा आठवडा होता. पावसजवळच्या बागेतल्या घराच्या पडवीत काका आंबे निवडत बसले होते. एका बाजूला पेंढा, दुसऱ्या बाजूला रिकाम्या पेट्या. भावाने बाटली त्यांच्यासमोर धरली.

“काका, हे साल ओळखता?”

“न ओळखायला काय झालं? मोहोराने रडवलं ते साल.”

तिथून जो वाद सुरू झाला तो जेवणाची पानं मांडेपर्यंत चालला. त्यात कोण जिंकलं हे सांगण्यासाठी मी हे लिहीत नाही. पण दोघे जे बोलले ते आमच्या घराबाहेर जायला हवं, असं मला तेव्हाच वाटलं होतं आणि अजून वाटतं.

“२०२० चा मोहोर बिघडला तो २०१९ च्या पावसाने,” काका म्हणाले. “त्या वर्षी पाऊस जायलाच तयार नव्हता. दिवाळीत खळ्यात पाणी होतं. बाहेर समुद्रात क्यार वादळ, ते सरतंय तोवर महा. झाडाला ताण कसा बसणार? मुळाशी ओल असली की झाड पालवी काढत राहतं. कोवळ्या पालवीला मोहोर येत नाही. पालवी जून व्हायला हवी, जमीन सुकायला हवी आणि मग थंडी पडायला हवी. तिन्ही गोष्टी महिना-दीड महिना पुढे गेल्या.”

“तोच पाऊस आमच्याकडेही पडला,” भाऊ म्हणाला. “सप्टेंबरात फळछाटणी झालेल्या बागा नेमक्या फुलोऱ्यात सापडल्या. डावणीचा रोग आला, घड जिरले, कुठे कुजले. नाशिकच्या कित्येक शेतकऱ्यांनी ऑक्टोबर-नोव्हेंबरात उभी बाग गमावली. जी वाचली तिचा माल जानेवारी ते मार्चमध्ये आमच्याकडे आला, त्याची ही वाईन. म्हणजे या बाटलीत आहे तो तुमचाच पाऊस. फरक एवढाच, की आम्ही तो आकडा वर छापला. तुमच्या पेटीवर गाव आहे, बागायतदाराचं नाव आहे, डझन आहेत. साल नाही.”

२०१९ सालचा मान्सून देशातून परतायला लागला तो ९ ऑक्टोबरला. नोंदी ठेवायला लागल्यापासून इतका उशीर कधी झाला नव्हता. त्या एका उशिराने सह्याद्रीच्या अल्याडचा आंबा आणि पल्याडचं द्राक्ष दोन्हींना गाठलं. आमच्या घरात मात्र या दोन पिकांची गाठ पडायला ही बाटली यावी लागली.

“साल छापून काय होणार?” काकांनी विचारलं. हातातला आंबा त्यांनी देठाकडून पाहिला, अंगठ्याने हलकेच दाबला आणि पाच डझनीच्या पेटीत ठेवला.

“काय होणार? गिऱ्हाइकाला कळेल. दोन सालांचा आंबा एक नसतो, हे तुम्हाला माहीत आहे. मोहोर डिसेंबरात आला की जानेवारीच्या शेवटी, थंडी लांबून पुनर्मोहोर आला का, मार्चमध्ये ऊन किती तापलं, फळ धरल्यापासून काढेपर्यंत किती दिवस मिळाले, या सगळ्याने चव बदलते. तुम्ही डोळे मिटून सांगाल, हा पहिल्या मोहोराचा आणि हा दुसऱ्या. मग हे ज्ञान पेटीबरोबर का जात नाही? वाईनच्या जगात लोक साल लक्षात ठेवतात. फ्रान्समध्ये बोर्दो म्हणून भाग आहे, तिथलं १९६१ चं साल अजून नावाजतात.”

“एकसष्ट? पानशेतचं धरण फुटलं ते साल.”

“तेच. त्या साली तिकडे मे महिन्याच्या शेवटी दहिवर पडून फुलोरा जळला. वेलीवर घड थोडे राहिले. पुढे ऑगस्ट कोरडा गेला, सप्टेंबरात ऊन छान पडलं. जे थोडे घड होते त्यांना वेलीचं सगळं बळ मिळालं. माल कमी, पण वाईन अशी झाली की साठ वर्षांनंतरही तिचं नाव काढतात.”

काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आमचे मामा तेव्हा पुण्यात नारायण पेठेत होते. मी दहा वर्षांचा. जुलैच्या बारा तारखेला पाणी आलं. मामीचा संसार वाहून गेला. मला एकसष्ट म्हटलं की ते आठवतं. बहात्तर म्हटलं की दुष्काळ. दोन हजार नऊ म्हटलं की फयान वादळ. आम्हीही सालं लक्षात ठेवतो, बाळा. पण आमची सालं चवीची नसतात.”

हे ऐकून मी हातातलं काम थांबवलं. काका सहज बोलून गेले, पण मला त्यात आपल्या सगळ्या मुलुखाची सवय दिसली. आपण सालाला नाव देतो ते त्याने काय नेलं यावरून. अमक्या साली काय गोड झालं होतं, याची नोंद आपल्याकडे कोणी ठेवत नाही. वादळाची तारीख पोराटोरांच्या तोंडी असते. पण आपल्या आयुष्यातला सर्वांत चांगला हापूस कोणत्या साली खाल्ला, हे मलाही सांगता येईना.

“आता माझं ऐक,” काका म्हणाले. “तुझी बाटली थांबते. दोन वर्षं, पाच वर्षं, फ्रान्सची साठ वर्षं थांबते. २०१८ ची एक, २०२० ची एक, शेजारी शेजारी ठेवून चाखता येतात. म्हणून सालाला अर्थ. माझा आंबा चौदा आणे तयार झाला की मी झेल्याने काढतो. दहा-बारा दिवस आढीत, मग चार दिवस खायला. पंधराव्या-सोळाव्या दिवशी तो नाही. माझ्या या वर्षीच्या आंब्याला गेल्या वर्षीचा आंबा कधीच भेटत नाही. ज्यांची कधी भेटच होत नाही, त्यांची तुलना कशी करणार? आणि तुलना नसेल तर आकडा कशाला?”

भाऊ यावर लगेच काही बोलला नाही. मलाही तेव्हा उत्तर सुचलं नाही.

काका थांबले नाहीत. “शिवाय साल हे तुमच्यासाठी गुण आहे. माझ्यासाठी तो धोका आहे. हापूस मुळात वर्षाआड धरणारं झाड. एक वर्ष भरभरून, दुसरं वर्ष रिकामं. माझ्या वडिलांनी आयुष्यभर एका वर्षाच्या जिवावर दोन वर्षं काढली. मग कल्टार आलं. पॅक्लोब्युट्राझॉल. पावसाळ्यात बुंध्याभोवती चर काढून मोजून घालायचं. झाडाची पालवीची ओढ कमी होते, मोहोर लवकर येतो, दरवर्षी येतो. दापोलीच्या विद्यापीठाने ते कसं, किती, कुठल्या वयाच्या झाडाला घालायचं हे शिकवलं. त्यांनीच रत्ना काढला, नीलम आणि हापूसचा संकर, १९८१ साली, ज्याच्या गरात साका होत नाही. इतक्या लोकांनी इतकी वर्षं कशासाठी घालवली? साल पुसण्यासाठी. चांगलं साल, वाईट साल हा फरक मिटावा, पोराच्या फीची तारीख आंब्याच्या मोहोरावर लटकू नये म्हणून. आणि तू म्हणतोस, तो फरक पेटीवर छापा.”

“मिटला का?”

“काय?”

“फरक. एवढं करून मिटला का?”

काकांनी आंबा बाजूला ठेवला. “नाही,” ते म्हणाले. “२०२० ला पाऊस, मग लॉकडाउन. २०२१ ला सोळा मेला तौक्ते वादळ. काढायला आलेला माल एका दिवसात जमिनीवर. यंदा डिसेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत पाऊस, आला होता तो मोहोर काळा पडला, मग मार्चमध्ये ऊन असं की सुपारीएवढी फळं गळाली. नाही मिटला. वाढला.”

“मग लपवून काय मिळतं?” भावाचा आवाज आता चढला होता, पण त्यात तळमळ होती. “बघा, गेल्या वर्षी ज्याने हजारो रुपये मोजून पेटी घेतली आणि त्याला फळ जरा पाणचट लागलं, त्याने काय म्हटलं? ‘फसवलं. कर्नाटकचा आंबा हापूस म्हणून दिला.’ किंवा ‘हापूसची चव पूर्वीसारखी राहिली नाही.’ त्याच्या हातात दोनच निष्कर्ष असतात, बागायतदार लबाड किंवा झाड बिघडलेलं. तिसरी गोष्ट, की साल तसं होतं, ती त्याला कोणी सांगितलीच नाही. वाईन घेणारा माणूस बाटली कमी आवडली तर म्हणतो, हे साल बेताचं होतं. तो त्या बागेला सोडत नाही, पुढच्या सालाची वाट बघतो. साल लिहिलं की दोष सालावर जातो, तुमच्यावर येत नाही. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर, या पाच जिल्ह्यांच्या बाहेरच्याने हापूस म्हणायचं नाही. म्हणजे कुठला, हे ठरलं. केव्हाचा, कसल्या हवेचा, हे अजून कोणी विचारतच नाही.”

“सगळ्या बाटल्यांवर साल असतं का रे?” काकांनी अगदी शांतपणे विचारलं.

भाऊ खरं बोलणारा आहे. “नाही,” तो म्हणाला. “शॅम्पेनचे बहुतेक कारखानदार अनेक सालांची वाईन एकत्र करतात, चव दरवर्षी सारखी राहावी म्हणून. साल फक्त चांगल्या वर्षी लावतात. पोर्तुगालच्या पोर्टमध्येही तसंच, दहा वर्षांत साधारण तीनदा साल जाहीर करतात. आणि आमच्याकडे नाशिकला वर्षावर्षांतला फरक युरोपइतका मोठा नसतो. आमचं द्राक्ष हिवाळ्यात पिकतं, वेल कधी झोपत नाही, एप्रिलची खरडछाटणी आणि पावसाळा सरता सरता फळछाटणी अशी दोनदा छाटून आम्हीच तिला वेळापत्रक लावतो. त्यात आमची बहुतेक वाईन कोवळेपणीच प्यायली जाते. सुला वायनरी १९९९ ला सुरू झाली, म्हणजे आमच्या आठवणीत सालं तरी किती? अजून शिकतोय आम्ही.”

“म्हणजे तिकडचे शहाणे लोकही साल मिसळतात. मग मी मिसळलं तर काय चुकलं?”

“मिसळतात ते जाणून मिसळतात, काका. त्यांच्या तळघरात प्रत्येक साल वेगळं ठेवलेलं असतं, चाखलेलं असतं, लिहिलेलं असतं. आपल्याकडचं कॅनिंग बघा. वीस बागांचा माल एका टाकीत. डब्यावर साल असतंच, पण ते कोणतं? मुदत संपण्याचं. माझ्या बाटलीवर जन्माचं साल आहे, तुमच्या आमरसाच्या डब्यावर मरणाचं.”

त्याचं हे वाक्य मला आवडलं, पण काकांना लागलं. कॅनिंगला माल देणं ही बागायतदाराची हौस नसते. डागी फळ, बारीक फळ, मेअखेरचं फळ, पावसाने गाठलेलं फळ, जे पेटीत बसत नाही ते सगळं तिथे जातं आणि जो किलोचा भाव मिळेल तो घ्यावा लागतो. ते पैसे बुडत्याला काडीसारखे असतात. भावाला हे माहीत होतं. त्याने लगेच काकांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

काका उठले आणि आतून वही घेऊन आले. ही वही मी लहानपणापासून पाहते आहे. युरोपात माल पाठवायचा तर फवारणीची नोंद हवी, म्हणून अलीकडे सगळेच ठेवतात, पण काकांची त्याच्या फार आधीची. उभ्या रेघा हाताने आखलेल्या. पहिला मोहोर कुठल्या झाडाला, कधी. तुडतुड्यांवर कोणतं औषध, किती. भुरी. करपा. पाऊस झाला तर तारखेभोवती गोल. पहिली पेटी वाशीच्या बाजारात कधी गेली, दलालाने काय भाव दिला. शेवटी एकूण पेट्या आणि त्याखाली दोनदा ओढलेली रेघ. भावाने २०२० चं पान काढलं. जानेवारीच्या अखेरपर्यंत मोहोराच्या रकान्यात तीनच नोंदी होत्या. मार्चच्या पंचवीस तारखेपुढे पेन्सिलीने ‘बंद’ एवढंच. आणि मग एप्रिलच्या मध्यापासून, जिथे वाशीचे भाव असायचे तिथे, माणसांची नावं आणि इमारती. कोथरूड. डोंबिवली. मुलुंड. पार्ले.

“हे काय?” मी विचारलं.

“त्या साली वाशीचा भरवसा नव्हता,” काका म्हणाले. “टेम्पोचा पास काढून थेट सोसायट्यांच्या दारात पेट्या दिल्या. गेटवर ठेवायच्या आणि मागे सरायचं.” मग ते थोडे थांबले. “एक गोष्ट झाली मात्र. पन्नास वर्षं मी आंबा विकतोय. दलालाकडून पट्टी येते. पट्टीवर भाव असतो, तोलाई, हमाली, अडत असते. आंबा कसा लागला, हे पट्टीवर नसतं. त्या साली पहिल्यांदा लोकांचे फोन आले. कोथरूडच्या एक आजी, त्यांचं नावही मला नीट माहीत नाही, त्यांनी फोन करून सांगितलं, पेटी उघडली तेव्हा शेजारच्या खोलीत वास गेला, घरातली दोन महिन्यांची कोंडी फुटल्यासारखं वाटलं. मी काय बोलणार त्यांना? मला बोलताच येईना.”

“लिहिलंत ते?” भावाने विचारलं.

“कुठे लिहिणार? रकाना कुठे आहे?”

आणि खरंच नव्हता. त्या वहीत पावसाला रकाना होता, किडीला होता, दलालाला होता. चवीला नव्हता. ज्या एका गोष्टीसाठी हापूसला हापूस म्हणतात, ज्यासाठी काकांच्या वडिलांनी कातळ फोडून, वरून माती आणून कलमं लावली, तिची पन्नास वर्षांत एक ओळ नाही. भाऊ म्हणत होता ते पेटीबद्दल. मला वाटतं, पेटीच्या आधी वहीचा प्रश्न आहे. गिऱ्हाइकाला सांगायचं ते पुढचं. आपण स्वतःला तरी सांगितलं आहे का?

भावाने खिशातून छोटं यंत्र काढलं, द्राक्षाच्या रसातली साखर मोजायचं. एक पिकला आंबा कापून त्याचा थेंब त्याने काचेवर टाकला आणि उजेडाकडे धरला. “अठराच्या जरा वर,” तो म्हणाला. काकांनी ते हातात घेऊन पाहिलं आणि आवर्जून दोनदा पाहिलं. मग त्याच आंब्याची फोड तोंडात टाकली. “साखर असेल अठरा,” ते म्हणाले. “पण वास मागे राहिला नाही. गिळला की संपला. चांगल्या साली तो वर नाकात चढतो आणि पाणी प्यायलो तरी जात नाही. यंदा फळ घाईत तयार झालं. उन्हाने तयार केलं, झाडाने नाही.”

“हेच,” भाऊ म्हणाला. “हेच लिहायचं.”

“पण मागल्या सालाशी ताडून बघायला मागल्या सालाचा आंबा नाही, हे माझं म्हणणं तसंच उभं आहे.”

काकू आतून पानं घ्यायला हाक मारत होत्या. बहुधा त्यांनी सगळं ऐकलं असावं, कारण त्या आल्या त्या हातात पत्र्याचा डबा घेऊन. डब्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेली साठं होती. काकू दर मेमध्ये हापूसचा रस ताटांना तूप लावून उन्हात पसरतात, थरावर थर देतात, सुकलं की उचलून घडी घालतात. आम्ही लहानपणी उन्हात राखण करायला बसायचो ते याच ताटांची.

“हे लॉकडाउनचं आहे,” त्यांनी एक पुडी सोडली. काळपट तपकिरी, कडेला चामड्यासारखं चिवट. “आणि हे वादळाचं. पडलेल्या फळांतलं जे पिकलं त्याचं केलं होतं. साखर घातलेली नाही दोन्हींत.” हे त्या अशा सांगत होत्या, जसं दुसऱ्या कोणी तांदळाचं सांगावं, हा जुना, हा नवा. त्यांच्या डब्यात सालं होतीच. त्यांनी त्याला कधी नाव दिलं नव्हतं, इतकंच.

त्यांनी दोन्हींचे तुकडे तोडून आम्हा तिघांच्या हातावर ठेवले. वादळाच्या साठात आंबटपणा आधी आला आणि मग एक तुरटशी चव, फळ झाडावर पुरतं न झाल्याची. लॉकडाउनचं साठ दोन वर्षांनी रंगाने काळवंडलं होतं, पण दातांखाली मऊ झालं आणि त्याचा वास नाकात चढला. काका चावत राहिले. त्यांनी पाणी मागितलं, प्यायलं, आणि थोडा वेळ तसेच बसले.

“उशिराचा मोहोर होता,” ते हळूच म्हणाले, वहीवर हात ठेवून. “फळंही थोडी होती झाडावर.”

भावाने बाटलीकडे पाहिलं, पण तो काही बोलला नाही. काकांनी लॉकडाउनच्या पुडीकडे पुन्हा हात नेला. काकूंनी ती आधीच घडी घालून डब्यात ठेवली होती. त्यात आता तळहाताएवढंच साठ उरलं होतं, आणि ते पुढच्या मेपर्यंत पुरवायचं होतं.